दोनशे बारावं पान

१

वाचनालयात लागले तेव्हा माझं काम होतं पुस्तकं पुसायची आणि फाटलेली पानं खळीने चिकटवायची. दहावी झालेल्या बाईला याहून मोठं काम कोण देणार, आणि मला नकोही होतं. मग आठ वर्षांपूर्वी ग्रंथपाल मॅडमनी विचारलं, "तुमचा आवाज बरा आहे. म्हाताऱ्या माणसांना वाचून दाखवाल का?" तेव्हापासून दर बुधवारी चार ते पाच मी वरच्या खोलीत मोठ्याने कादंबरी वाचते.

खोली लांबट आहे. खिडक्यांना जाड पडदे आहेत, कारण निम्म्या मंडळींच्या डोळ्यांची ऑपरेशनं झालेली आणि उजेड खुपतो. दिवा फक्त माझ्या टेबलावर. ऐकणारे नऊ जण समोर अर्धवट अंधारात, हात टेकायच्या लाकडी खुर्च्यांवर बसतात. त्यात माझ्या सासूबाईही. मी त्यांना आई म्हणते. त्यांना आता फक्त उजेड आणि सावली कळते. यजमान गेल्यापासून आणि मुलगा नोकरीसाठी लांब गेल्यापासून घरात आम्ही दोघीच.

आमची एक पद्धत आहे. पान संपलं की मी थांबते आणि सगळ्यांनी "हं" म्हणायचं. कोण जागं आहे, कोण पेंगतंय, ते त्यावरून कळतं. शिंपीकाकांचा आवाज मात्र घशाच्या दुखण्यात गेला होता. त्यांच्या बोटात अजून अंगुस्तान असायचं, सुई टोचू नये म्हणून घालतात ती धातूची टोपी. दुकान बंद करून सहा वर्षं झाली तरी काढलं नव्हतं. तेच ते खुर्चीच्या हातावर वाजवायचे. सगळ्यांचे हुंकार झाले की शेवटी कोपऱ्यातून एक आवाज. टक्. मग मी पान उलटायची.

दुसरी पद्धत पट्ट्यांची. जुन्या यादीची कार्डं रद्द झाली तेव्हा मी ती जपून ठेवली होती. एखादा बुधवारी आला नाही, की कार्डाची पट्टी करून त्यावर त्याचं नाव लिहायचं आणि त्याचं ऐकणं जिथे थांबलं त्या पानात घालायची. पुढच्या बुधवारी त्याने एक तास लवकर यायचं. राहिलेली पानं मी त्याला एकट्याला वाचून दाखवते आणि पट्टी काढून टाकते. म्हणजे चार वाजता सगळे एकाच पानावर.

"माझी पट्टी कधी निघाली नाही," निवृत्त पोस्टमन अभिमानाने सांगायचे. "पस्तीस वर्षांत एक पत्र उशिरा दिलं नाही मी."

"एक दिलंत," आई म्हणायच्या. "माझ्या भावाचं. आठ दिवसांनी."

"वहिनी, त्याच्यावर पत्ता चुकीचा होता!"

"आणि पोस्टमन बरोबर होता का?"

असं सगळं चालायचं. माझाही एक नेम होता, पुढचं चाळून बघायचं नाही. त्यांच्याबरोबरच मलाही कळावं, तरच आवाजात खरी उत्सुकता येते. त्या वेळी लावलेली कादंबरी चांगली तीनशे चाळीस पानांची होती. नदीकाठचं घर, तीन बहिणी, आणि होडी घेऊन गेलेला बाप परतायची त्यांनी बघितलेली वाट. आईंचा जीव धाकट्या बहिणीत अडकला होता. घरी भांडी विसळतानासुद्धा त्या म्हणायच्या, "अगं, त्या पोरीला अक्कल नाही. दार उघडं टाकून झोपते."

२

एका बुधवारी शिंपीकाका आले नाहीत. ताप आहे असं कळलं. एकशे छपन्नाव्या पानात मी त्यांची पट्टी घातली आणि पुढे एकशे एकाहत्तरपर्यंत वाचलं.

पुढच्या बुधवारी आईंना खाली बाकावर बसवून तीनला वर गेले तेव्हा ते आधीच येऊन कोपऱ्यातल्या खुर्चीत बसलेले होते. खोलीत अंधार होता. मला त्यांचे वाकलेले खांदे दिसले, आणि मान. तीही शिंप्यांची असते तशी, एका बाजूला जरा कललेली.

"काका, लवकर आलात. ताप उतरला का?"

टक्.

मी दिवा लावला, पट्टी काढून टेबलावर ठेवली आणि वाचायला लागले. पंधरा पानं होती. प्रत्येक पानाशेवटी थांबले, प्रत्येक वेळी टक् झालं. मध्ये एकदा मला वाटलं, आवाज जरा ओला येतोय, जसा भिजलेल्या लाकडावर येईल. पण मी वाचण्यात होते. वाचताना माझं लक्ष ओळींवर असतं, माणसांकडे नसतं.

एकशे एकाहत्तरावं पान संपलं, टक् झालं, आणि जिन्यात पावलं वाजली. निवृत्त नर्सबाई वर आल्या. त्या आमच्यातल्या सगळ्यात धीराच्या, पण कठडा धरून उभ्या राहिल्या.

"कळलं ना तुम्हाला? आपले शिंपीकाका गेले. सोमवारी पहाटे. आज वाचायला नको."

मी कोपऱ्याकडे पाहिलं. खुर्ची रिकामी होती.

"गेले म्हणजे?" मी विचारलं. हे मी का विचारलं ते मला माहीत नाही. गेले म्हणजे काय ते कोणाला कळत नाही?

३

तुम्ही म्हणाल तेच मीही स्वतःला म्हणाले. अंधार होता. दुसरं कोणी तरी खाली वर्तमानपत्र वाचायला आलेलं, चुकून वर येऊन बसलं असेल. बोटात अंगठी असेल, ती वाजली असेल. मागच्या बाजूला लोखंडी जिन्याचं दार आहे, तिथून उतरलं असेल. मी जाऊन पाहिलं. दाराला आतून कडी होती. मग म्हटलं, कडी मीच घातली असेल मघाशी, गडबडीत.

घरी जाताना आईंना सगळं सांगितलं. मला वाटलं त्या हसतील. रस्ता ओलांडेपर्यंत त्यांनी माझा दंड घट्ट धरून ठेवला.

"म्हणजे त्याचं राहिलेलं तू त्याला वाचून दाखवलंस."

"दाखवलं. मला कुठे ठाऊक होतं!"

"याआधी आपल्यातले चार जण गेले. त्यांच्या पट्ट्या तू काय केल्यास?"

"काढून डब्यात ठेवल्या."

"बरोबर. त्यांचं जिथे थांबलं तिथे थांबलं. याला तू पुढे आणलंस." मग त्यांनी माझा दंड थोपटला. "घाबरू नकोस गं. सभ्य माणूस होता. माझ्या सैल झालेल्या अंगठीला आतून दोरा गुंडाळून दिला त्याने, गळू नये म्हणून. पैसेही घेतले नाहीत."

त्यांनी हात पुढे करून ती अंगठी मला दाखवली, जशी काही मी ती रोज पाहत नव्हते.

पुढच्या बुधवारी आठ जण आले. कोपऱ्यातली खुर्ची कोणी घेतली नाही. पोस्टमन तर तिच्यापासून दोन खुर्च्या सरकून बसले आणि म्हणाले, "वारा येतो तिकडून." तिकडे खिडकीच नाही.

मी एकशे बहात्तरावं पान वाचलं आणि थांबले. हं, हं, हं. सगळ्यांचे झाले. मी पान उलटायला बोट लावलं.

टक्.

नर्सबाईंनी चष्मा काढून पुसला. आईंनी मात्र मान त्या कोपऱ्याकडे वळवली आणि ओळखीचं माणूस आल्यावर हसावं तसं किंचित हसल्या.

वाचन संपल्यावर सगळे खाली गेले, आणि मी त्या खुर्चीजवळ गेले. लाकूड तडकलं असेल, म्हणून हातावरून बोटं फिरवली. इतक्या वर्षांच्या टकटकीने तिथे बारीक खळगे पडलेत, भातुकलीतल्या वाट्यांसारखे. सगळे गुळगुळीत आणि मळलेले. एक मात्र ताजा होता. आतलं लाकूड पांढरं दिसत होतं.

४

त्याच संध्याकाळी पुस्तक कपाटात ठेवताना त्याच्यातून काही तरी बाहेर आलेलं दिसलं. पट्टी होती. आम्ही एकशे शहाऐंशीवर होतो आणि ही बरीच पुढे होती. मी पुढचं बघत नाही, पण पट्टी दिसल्यावर काय करणार? उघडलं. पान दोनशे बारा.

पट्टीवर लिहिलं होतं, "आई."

अक्षर माझंच. माझा "आ" जरा पोटाला फुगलेला असतो, तसाच.

मी आईंची पट्टी कधीच केली नव्हती. लागायचीच नाही. त्या माझ्याबरोबर येतात आणि माझ्याबरोबर जातात. त्या नसतील तर मीही नसणार. आणि आणखी एक गोष्ट होती. मी कार्ड दुमडते, नखाने घडी दाबते आणि फाडते, त्यामुळे माझ्या पट्ट्यांच्या कडा लवदार असतात. ही पट्टी कापलेली होती. एका झटक्यात, सरळ. मोठ्या, जड कातरीने कापड कापतात तशी.

पट्टी म्हणजे काय, हे माझ्याहून चांगलं कोणाला माहीत? ज्याचं ऐकणं जिथे थांबतं, तिथे त्याची पट्टी.

मी ती फाडून टाकली. पुढच्या बुधवारी दोनशे एक पानापर्यंत वाचलं. संध्याकाळी पुस्तक हातात घेतलं तर पट्टी होती. तेच पान, तेच अक्षर, तीच सरळ कड.

मी मॅडमना विचारलं, कपाटाची दुसरी किल्ली कोणाकडे असते. त्या म्हणाल्या, "दुसरी किल्ली हरवून चार वर्षं झाली. का हो, काही गेलं का?"

"नाही," मी म्हटलं. "काही गेलं नाही."

मीच लिहीत असेन, असंही मनात आलं. म्हातारपणाची काळजी वाहताना माणसाच्या हातून काय काय होतं. गॅस बंद केला की नाही ते मी तीनदा बघते. कोण जाणे, पट्टीही मीच घालत असेन. पण तसली जड कातर आमच्याकडे नाही. वाचनालयातही नाही, फक्त बांधणीचं पातं आहे.

त्या आठवड्यात आईंचं जेवण कमी झालं. डॉक्टरांनी तपासलं, नाडी पाहिली, आणि म्हणाले, "काही नाही, वय आहे." आई त्यांना म्हणाल्या, "वय तर तुम्हालाही आहे, तुम्ही किती जेवता?" डॉक्टर हसले. मला हसू आलं नाही.

५

त्यानंतरच्या बुधवारी मी दोनशे पाचवर पुस्तक मिटलं आणि घसा बसल्याचं सांगितलं. चारच पानं झाली होती. टक् व्हायचं थांबलं नाही. मी पुस्तक मिटल्यावर ते एकदा झालं, आणि थोड्या वेळाने पुन्हा. कोणी बोलता बोलता गप्प झालं की समोरचा टेबलावर बोट आपटतो ना, "हं, मग?" म्हणून, तसं.

पुढच्या आठवड्यात मी धादांत खोटं बोलले. "पुस्तकाची शिवण सुटली, बांधायला दिलंय. तोवर दुसरं वाचू." एक विनोदी पुस्तक काढलं होतं. कुरकुर झाली.

"धाकटी कंदील शोधत होती, तिथे सोडलंत तुम्ही," पोस्टमन म्हणाले. "असं अर्ध्या रस्त्यात पत्र नाही टाकत कोणी."

"बांधायला किती दिवस?" नर्सबाईंनी विचारलं.

"बघू."

आईंनी फक्त मान माझ्याकडे वळवली. मी खोटं बोलतेय हे त्यांना माझ्या आवाजावरून कळतं, लग्न होऊन आले तेव्हापासून.

त्या तासाभरात मी दर पानाला थांबले. हुंकार झाले. टक् झालं नाही, एकदाही नाही. मी इतकी हलकी झाले की विनोदाच्या जागी खरोखर हसले. संपलं, म्हटलं. पुस्तक कपाटात, किल्ली माझ्या पर्समध्ये. संपलं.

गुरुवारी वाचनालयाला सुट्टी असते. दुपारी दोनच्या सुमारास मी स्वयंपाकघरात ओटा पुसत होते. आईंच्या खोलीतून त्यांचा आवाज येत होता. मला वाटलं फोनवर नातवाशी बोलताहेत. मग आवाज थांबला. आणि:

टक्.

पुन्हा आवाज सुरू झाला. संथ, एका लयीत. मी फडकं हातात घेऊन दाराशी गेले.

आई पलंगावर लोडाला टेकून बसल्या होत्या. समोर यजमानांची जुनी हातांची खुर्ची, नेहमी भिंतीशी असते ती, पलंगाकडे वळवलेली होती. तिच्यावर कोणी नव्हतं. आई तिच्याकडे तोंड करून सांगत होत्या.

"धाकटीने कंदील वर धरला, तेव्हा तिला दिसलं की जिन्याच्या पायऱ्या ओल्या आहेत, आणि ओल वरून खाली येत नव्हती, खालून वर चालली होती."

मी हे वाचलं नव्हतं. कोणीच वाचलं नव्हतं.

"आई, हे काय सांगताय?"

"त्याचं राहिलंय ना," त्या अगदी सहज म्हणाल्या. "तू वाचत नाहीस. मग मी सांगते."

"पण तुम्हाला कुठे माहीत आहे पुढचं?"

"मला नाही माहीत. तोंड उघडलं की येतं." त्या खुर्चीकडे वळल्या. "जरा थांबा हं काका. सूनबाई घाबरलीय."

मी त्या खोलीत आत पाऊल टाकलं नाही. ते मला अजून लागतं. मी दाराशीच उभी राहिले, आणि काय केलं तर मोजत राहिले. मी आल्यापासून पाच टक्. आधीचा एक. सहा.

सहाव्यानंतर आईंनी जांभई दिली आणि म्हणाल्या, "आता उद्या."

६

शुक्रवारी वाचनालय उघडल्या उघडल्या मी कपाट उघडलं. दोनशे सातवं पान. पहिलंच वाक्य: धाकटीने कंदील वर धरला, तेव्हा तिला दिसलं की जिन्याच्या पायऱ्या ओल्या आहेत. शब्द न् शब्द.

सहा पानं म्हणजे दोनशे सहा ते दोनशे अकरा. आज आई पुढचं सांगणार होत्या.

मी बाराव्याची पट्टी पाहिली. ती होतीच. मी ती काढून दुसरीकडे घालून बघितली, अगदी शेवटच्या पानात. पुस्तक मिटलं, उघडलं. पट्टी दोनशे बारावर. मला वाटतं मी शेवटच्या पानात घातलीच नसेल.

बावीस वर्षं मी पानं चिकटवली आहेत. कोणी पान फाडलेलं दिसलं की मी त्याच दिवशी खळ शिजवते. त्या दिवशी मी बांधणीचं पातं घेतलं, नजर छताकडे ठेवली आणि शिवणीशी टेकवून ते पान कापलं. एकही ओळ न वाचता घडी केली आणि पर्समध्ये टाकलं. मॅडमना डोकं दुखतंय म्हणून सांगितलं आणि धावत घरी आले.

आई लोडाला टेकून बसल्या होत्या. खुर्ची समोर होती. त्यांचं तोंड उघडं होतं, एखादा शब्द जिभेवर यावा आणि नेमका निसटावा तसं.

"आठवत नाही गं," त्या म्हणाल्या. "मघापासून बसलेय. पुढचं येतच नाही."

मी त्यांच्या पायाशी बसले आणि पायांवर डोकं ठेवलं. पाय ऊबदार होते. मी देवाचे आभार मानले. ते मानायला नको होते.

७

त्याला आज पाच आठवडे झाले.

पहिल्या आठवड्यात मला वाटलं, सगळं ठीक आहे. आई ना आजारी पडल्या, ना आणखी थकल्या. दुसऱ्या रविवारी त्यांची नखं कापायला बसले. दर रविवारी कापते. कापायला काही नव्हतंच. मागच्या वेळी डाव्या करंगळीचं नख जरा तिरकं राहिलं होतं, तेवढंच तिरकं होतं. म्हटलं, म्हातारपणी वाढ कमी होते. तिसऱ्या रविवारी तेच. पाचव्या रविवारी मी नखं पाहिलीच नाहीत.

भूक लागत नाही, तहान लागत नाही. पुढ्यात ठेवलं तर दोन घास खातात, माझ्यासाठी. कपाळावर पलंगाच्या दांडीचा ओरखडा उठला होता, तो त्या शुक्रवारी होता तसाच ताजा आहे. झोपत नाहीत. दिवसभर एका जागी बसून मधूनच विचारतात:

"आपण कुठपर्यंत आलो होतो?"

"कंदिलापर्यंत, आई."

"मग पुढे?"

मी काही तरी सांगते. बाजारात काय भाव आहे ते, पोस्टमननी तुमची चौकशी केली ते. त्या ऐकून घेतात. मग पुन्हा: "हो, पण पुढे?"

आणि ते टक्. आता त्याला पानाचा हिशेब उरला नाही. सकाळी येतं, मी पोळपाट काढते तेव्हा येतं, दुपारी कपडे वाळत घालताना येतं. रागाचं नाही. राग असता तर मीही रागावले असते. दवाखान्याबाहेर नंबराची वाट बघणारी गरीब माणसं असतात ना, कोणाला बोलत नाहीत, फक्त मधूनच हालचाल करतात, तसं.

नर्सबाई एकदा बघायला आल्या. त्यांनी आईंचं मनगट धरलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि बराच वेळ पाहत राहिल्या. मग मनगट अलगद खाली ठेवलं.

बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "किती दिवस झाले असं?"

"असं म्हणजे कसं?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुम्ही काही केलंत का हो?" एवढंच म्हणाल्या, आणि चहा न घेता गेल्या.

काल आईंनी मला हाक मारली. पलंगावर त्यांच्याशेजारी बसवलं. माझ्या तोंडावरून हात फिरवला, डोळ्यांपाशी थांबल्या.

"रडतेयस. म्हणजे तूच अडवून ठेवलंयस."

"तुम्ही गेलात तर मी एकटी पडेन, आई." हे मी कधी कोणाला बोलले नव्हते. स्वतःलाही नाही. "घरात कोणी बोलायला उरणार नाही."

"हे बोलणं आहे का, पोरी? पाच आठवडे मी एकच वाक्य बोलतेय." त्यांनी खुर्चीकडे मान केली. "आणि त्या बिचाऱ्याला किती ताटकळत ठेवायचं? वर्षानुवर्षं लोकांचे कपडे वेळेवर दिले त्याने."

"तुम्हाला शेवट ऐकायचाय?"

"शेवट नको गं. मला फक्त पुढचं पान हवंय."

८

आज दुपारी मी दारं लावली, पडदे ओढले, दिवा आईंच्या उशाशी ठेवला. खुर्ची समोर होतीच. मी तिच्याकडे पाठ करून पलंगाच्या कडेला बसले. पाठ केली कारण बघायचं नव्हतं. पण आईंच्या कपाटाला आरसा आहे, हे माझ्या ध्यानात राहिलं नाही.

पर्समधून पान काढलं. घडी उलगडताना ती तुटेल असं वाटलं. चष्मा लावला. दोन्ही बाजूंची अक्षरं सारखीच दिसली, साधी, काळी, छापलेली. दोनशे बारावी बाजू वर घेतली.

"आई, वाचू?"

"वाच की. आणि घाई करू नकोस."

त्यांनी माझा हात धरला होता. दुसरा हात पलंगाच्या लोखंडी दांडीवर होता, दोरा गुंडाळलेल्या अंगठीचा.

मी वाचलं. काय होतं ते लिहीत नाही, लिहिण्यासारखं काही नव्हतंच. जिन्याच्या वर एक दार आहे, धाकटी ते उघडते, आत अंथरूण घातलेलं आहे आणि कंदील आधीच लावलेला आहे. एवढंच. साध्या चांगल्या वाक्यांत लिहिलं होतं. मधे एकदा मान वर गेली आणि आरशात दिसलं. खुर्चीत वाकलेला एक खांदा आणि दिव्याच्या उजेडाकडे उचललेला हात, सुईत दोरा ओवताना धरतात तसा. दोऱ्याचं दुसरं टोक कुठे जात होतं ते मी पाहिलं नाही. पुन्हा ओळीवर आले. कुठेही अडखळले नाही. आठ वर्षांत माझं वाचन इतकं चांगलं कधी झालं नव्हतं.

पान संपलं. मी नेहमीसारखी थांबले.

आईंचा हुंकार आला नाही.

खुर्चीतून आवाज आला. टक्.

आणि मग माझ्या अगदी शेजारून, लोखंडी दांडीवरून, दुसरा. टक्.

माझ्या हातातला हात तसाच होता. ऊबदार होता, अजून.

मग डॉक्टरांना फोन केला, मुलाला केला, नर्सबाईंना केला. माणसं यायच्या आधी थोडा वेळ होता. स्वयंपाकघरात जाऊन खळ शिजवली. पान सरळ केलं, घडीवरून कोमट वाटी फिरवली. उद्या ते जागच्या जागी चिकटवीन, असं चिकटवीन की मॅडमनासुद्धा कळणार नाही.

बुधवारी वाचन आहे. सात जण येतील, आणि दोन खुर्च्या कोणी घेणार नाही. मी दोनशे सहापासून सुरू करीन, कारण बाकीच्यांचं तिथपासून राहिलंय. बारावं पान संपलं की थांबेन, हुंकार होतील, मग टक्, मग पुन्हा टक्, आणि मी तेरावं उलटेन. न वाचून चालणार नाही. ती दोघं थांबलीत.

पुस्तकाची अजून एकशे अठ्ठावीस पानं उरलीत. मी पुढचं चाळून बघत नाही.